साखराबाईच्या बरडावरचा चुना

साखराबाई पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी तिला हाकलूनच लावणार होते. अंबाजोगाईत आमचं माती तपासायचं केंद्र आहे, दोन खोल्यांचं. तिथं मी एकोणीस वर्षं लोकांची माती तपासते आहे, आणि एकोणीस वर्षं लोक मला नको तिथली माती आणून देताहेत. कुणी बांधावरची उचलतो, कुणी उकिरड्याशेजारची. एका शहाण्यानं तर दारातल्या कुंडीतली आणली होती. साखराबाईनं जुन्या लुगड्याच्या दोन गाठोड्यांत माती आणली होती. नाव नाही, गट नंबर नाही, काही नाही. साठीची बाई, उंच, वाळलेली, पायांत पुरुषी चपला.

"मावशी, अशी माती आम्ही घेत नाही," मी म्हटलं. "पिशवीत आणा, आत चिठ्ठी टाका, मग या."

"चिठ्ठी लिव्हायला येत न्हाई मला," ती म्हणाली. "ह्या गाठुड्याला एक गाठ हाय, ह्याला दोन हायती. एका गाठीचं रान मेलंय, दोन गाठीचं जित्तं हाय. दोनी एकाच वावरातलं हाय. मला फकस्त एवढं सांगा, चुना किती टाकू?"

चुना म्हटल्यावर मला हसू आलं. आमच्या भागात तक्रार उलटी असते. काळ्या रानात चुनखडी इतकी की भुईमुगाची पानं पिवळी पडतात, आणि मी दिवसातून दहा जणांना तेच तेच समजावून सांगते. त्यात ही बाई रानात चुना घालायला निघालेली. कुणा बाबानं उतारा सांगितला असणार, असं मला वाटलं, आणि माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नसल्यामुळे मी तसं बोलूनही दाखवलं.

ती चिडली नाही. "बाबाबिबा कुनी न्हाई. तुमी बगा तर खरं."

बघितलं. एका गाठीच्या मातीचा सामू आला चार पूर्णांक एक. सामू म्हणजे मातीचा आंबटपणा मोजायचा आकडा. सातच्या आसपास असला म्हणजे ठीक, जितका खाली जाईल तितकी माती आंबट. मशीन बिघडलं असं समजून मी ते पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. असल्या मातीत गांडूळ जगत नाही, बी रुजलं तरी मूळ जळून जातं. बीड जिल्ह्यात असा आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि त्याच वावरातल्या दोन गाठींच्या मातीचा सामू होता साडेसहा. मी टेबलावरचं बाकीचं काम बाजूला सारलं आणि साखराबाईला बसायला स्टूल दिलं.

पुढच्या रविवारी स्कूटी काढून तिच्या रानात गेले. धर्मापुरीच्या पलीकडे, गावापासून थोडं वर, तिचं तीन एकर बरड आहे. हलकी, मुरमाड जमीन, मुळातच चुनखडी कमी असलेली. त्याच्या वरच्या अंगाला खडी फोडणाऱ्यांची जुनी खदान. खदान बंद पडली तसं तिच्यात पाणी साचलं, आणि मग दोन उन्हाळे तिथं रात्रीचे टँकर येत राहिले. कुठल्या तरी कारखान्याचं वापरून झालेलं तेजाब खदानीत ओतून जात. कुठला कारखाना ते गावात कुणालाच सांगता आलं नाही. पावसाळ्यात खदान भरली की तेच पाणी झिरपत साखराबाईच्या वावरात उतरायचं. शेवटी गावानं रस्त्यात दगड टाकले तेव्हा टँकर थांबले. पुढं कुणाचं काही वाकडं झालं नाही.

खदानीतलं पाणी मी पाहिलं. फार सुंदर होतं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यात शेवाळ नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारा किडासुद्धा नाही. सवयीनं मी बोट बुडवायला वाकले तर साखराबाईनं माझं मनगट धरलं. एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"त्याला हात लावू नगा," ती म्हणाली आणि बराच वेळ तिनं मनगट सोडलं नाही.

खालचं वावर राखाडी पडलं होतं, वर तांबूस पापुद्रा. गवताची काडी नव्हती. आणि बरोबर मधोमध, एखाद्या गोठ्याएवढा तुकडा, हिरवागार. हराळी, तरवटा, केना, जे जे उगवायचं ते सगळं तिथं दाटीनं उगवलं होतं. त्याच्याभोवती तिनं बोराटीचं काटेरी कुंपण घातलं होतं.

"इथं काय पुरलंय?" मी विचारलं.

"मेंढरं," ती म्हणाली. "आसाराम मेंढपाळाची. दोन सालाखाली मेली. डाक्टर म्हनले, खड्ड्यात चुना टाका म्हंजे रोग पसरत न्हाई. पोत्यानं चुना टाकला. दुसऱ्या पावसाळ्याला बगते तर सगळं वावर भुंडं, अन् हेवढंच हिरवं."

ते बघून तिनं स्वतःच ठरवलं होतं की चुनाच ह्या रानाला वाचवणार. आदल्या वर्षी भट्टीवरून कळीचा चुना आणला, भिंतीला लावतात तो, आणि तसाच ओल्या रानात फेकत फिरली. तीही अनवाणी. तळपाय सोलून निघाले. नवऱ्याच्या चपला तेव्हापासून पायांत आल्या. "अनवाणी कशाला गेलीस बाई?" मी ओरडलेच. तर म्हणते, खाली मेंढरं झोपलीत, त्येंच्या अंगावरून चपला घालून कसं जायाचं.

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की दुसऱ्याच्या मेंढरांचं हिला एवढं काय. मी विचारलं नाही. मला त्या आकड्यानं वेड लावलं होतं.

मग आमचं सुरू झालं. आधी खदानीच्या अंगानं खोल चर खणला, तेजाब मरावं म्हणून त्यात चुनखडीचे दगड भरले आणि वरचं पाणी ओढ्याकडे वळवलं, नाहीतर खालची सगळी मेहनत वाहून गेली असती. कळीचा चुना बंद. त्याऐवजी दळलेल्या चुनखडीची भुकटी, दर उन्हाळ्यात मापानं, आणि लगेच कुळवाची पाळी, म्हणजे ती मातीत मिसळते. पावसाळ्यात ताग पेरायचा आणि फुलावर आला की खत म्हणून गाडायचा. शेणखत मिळेल तेवढं. घरात ती एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा परमेश्वर पुण्याला गाडी चालवतो. नांगराला माणूस लावायची, पण भुकटी मात्र स्वतः पसरायची. तोंडाला पदर, हातात घमेलं, भुवया पांढऱ्या झालेल्या. भर उन्हात ती पांढरी आकृती त्या राखाडी रानात वाकलेली दिसली की वाटेनं जाणारे पलीकडून जात. गावानं तिचं नाव चुनेवाली पाडलं.

पहिल्या वर्षीची मार्चमधली एक दुपार मला विसरता येत नाही. बांधावरच्या लिंबाखाली आम्ही दोघी भाकरी खात होतो. वारा पडलेला. साखराबाई हातातला घास तसाच धरून थांबली.

"ऐकलं का?"

"काय?"

"खोकतंय."

मेंढरू खोकताना कुणी ऐकलं असेल तर त्याला सांगायला नको. कोरडं, तुटक, थेट म्हाताऱ्या माणसासारखं खोकतं ते. तसा आवाज आला, दोनदा. त्या कुंपणाच्या बाजूनं. अर्ध्या कोसात मेंढरू नव्हतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही आणि ठेवणाऱ्यांची गय करत नाही, हे माझ्या घरी आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, होला पाखरू असेल, नाहीतर खदानीच्या कपारीत काहीतरी घुमत असेल. पण मी ती भाकरी संपवली नाही, आणि स्कूटी गावात येईपर्यंत आरशात बघितलं नाही. भ्याले होते, दुसरं काय.

रान सुधारत गेलं. सामू पाचावर आला, पुढच्या वर्षी साडेपाचावर. दुसऱ्या वर्षीचा ताग गुडघ्याएवढाच झाला, पिवळट, पण आला. तिसऱ्या वर्षी बाजरी धरली. चौथ्या वर्षी ढेकूळ फोडताना गांडूळ निघालं आणि मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, वावरात उड्या मारायला लागले. साखराबाईनं ते गांडूळ तळहातावर घेतलं, बघितलं, परत मातीत ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मुलाखतीच्या खोलीबाहेर आपलं नाव पुकारायची वाट बघत बसलेलं माणूस असतं ना, तशी दिसत होती.

पाचव्या वर्षी ज्वारी भरली. कणसं वितीएवढी. तिनं ती कापलीच नाही. उभी वाळवली, पाखरांना खाऊ दिली. मी चिडून विचारलं तर म्हणाली, "मपल्या तोंडात जाईना, मॅडम."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेवटचा अहवाल आला. सामू सहा पूर्णांक सात, सेंद्रिय कर्ब जवळपासच्या चांगल्या रानाएवढा. मी तो कागद हातानं द्यायला गेले. वाटेत धर्मापुरीला पावशेर पेढे घेतले. कौतुक करून घ्यायला मलाही आवडतं.

तिनं कागद उलटा धरला, मग सुलटा. "म्हंजे रान सुदारलं?"

"सुधारलं. आता कुणालाही दाखव."

"मग आता कारन न्हाई ऱ्हायलं."

"कशाला?"

"गप ऱ्हायला," ती म्हणाली आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसली. पेढ्यांचा पुडा तिनं उघडलाच नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगते.

आसारामची मेंढरं तिच्या रानात बसायची ती त्याच्या बापाच्या वेळेपासून. मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पीक निघालं की मेंढपाळ कळप घेऊन रानात मुक्काम टाकतात. वाघरीचं, म्हणजे जाळ्याचं कुंपण ठोकून वाडा करतात, त्यात मेंढरं रात्रभर बसतात. लेंडी-मूत जमिनीत मुरतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. रान थकलं की मेंढरं बसवा, हे आमच्याकडे जन्मल्या पोरालाही माहीत. त्या वर्षी साखराबाईचं पीक पिवळं पडून करपलं होतं. रान थकलंय, असं तिनं मनाशी धरलं आणि आसारामला निरोप धाडला, की दरसाल तीन दिवस बसता, औंदा आठ दिवस बसा.

"टँकरचं ठावं होतं तुला?" मी विचारलं.

"ठावं व्हतं."

"वास तरी आला असेल पाण्याला."

"मॅडम, टँकर परमेश्वर चालवायचा."

ती सांगत राहिली. एकदा मुलगा जेवायला आला नाही म्हणून ती भाकरी घेऊन खदानीकडे गेली होती. तिथं परमेश्वर नळी धरून उभा. तिला बघून म्हणाला, नुसतं धुन्याचं पानी हाय माय, वावराला लागलं तर खतच व्हईल. तिनं विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

आसारामची नजर चुकवून मेंढरं खदानीच्या अंगाला झिरपून साचलेल्या डबक्यात पाणी प्यायली, ते साखराबाईनं पाहिलं. कुणीही प्यायलं असतं, इतकं ते स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या दिवशी खोकायला लागली. चौथ्या दिवशी तोंडाला फेस. पाचव्या दिवशी अर्धा कळप आडवा. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, पाणी कुठलं पाजलं? आसाराम गोंधळून साखराबाईकडे बघायला लागला.

"मी म्हनले, हापशाचं," साखराबाई म्हणाली. "हापशाचंच पाजलंय म्हनले. डाक्टर म्हनले, एक मेंढरू चिरून बगू, आतलं तपासाया पाठवू. मी म्हनले, आता कावून चिरता बिचाऱ्यांना, गेली ती गेली. समद्यांला पटलं. मीच खड्डा खंदायला मानसं लावली."

"का?"

"लेकरू जेलात गेलं असतं."

इथपर्यंत मी तिला समजू शकत होते. मला मूल नाही, तरी समजू शकत होते. पण तिचं सांगून झालं नव्हतं.

मेंढरं अशी एकदम मेली म्हणजे वाड्याचं काहीतरी सोवळं मोडलं, असं आसारामच्या भाऊबंदांनी धरलं. चार म्हातारे जमले, साखराबाईच्याच ओसरीवर. वाड्यात कोण गेलं, कधी गेलं, विचारपूस सुरू झाली. तेव्हा आसारामची बायको, कौशल्याबाई, आपण होऊन पुढं आली. तिसऱ्या रात्री एक कोकरू वाघरीत अडकून ओरडत होतं, म्हणून मी आत जाऊन सोडवलं, अन् मी विटाळशी होते, असं तिनं सांगून टाकलं. म्हाताऱ्यांना हवं होतं ते मिळालं. तिनं जन्मात पुन्हा वाड्यात पाय ठेवायचा नाही, मेंढराला हात लावायचा नाही, असं ठरलं. आसारामनं मान हलवली.

"अन् तू?"

"मी च्या करत व्हते समद्यांला. मी तिला बी दिला."

मला तिचा जो राग आला तो मी इथं पूर्ण लिहीत नाही. मी तिला खूप बोलले. त्या म्हाताऱ्यांनाही बोलले, ते समोर नसताना. ज्या कुणी हा नियम केला त्यानं कधी जाळ्यात अडकलेलं कोकरू सोडवलं होतं का, हे मला अजूनही विचारायचं आहे. साखराबाईनं सगळं खाली मान घालून ऐकलं.

"केजला मपलं म्हायेर हाय," ती म्हणाली. "दरसाली यष्टीतून जाते तवा रस्त्यानं त्येंचा कळप दिसतो. मेंढरं म्होरं, कौशल्यावैनी लई माघारी, घोडीसंगं. वाडा ठोकला की समदी आत, ती भाईर. सात साल मी खिडकीतून बगते. मला वाटलं व्हतं, रान सुदारलं की हे खोकनं थांबंल. म्हून चुना टाकत ऱ्हायले. रान सुदारलं. खोकनं काय थांबलं न्हाई."

"जाऊन सांग तिला," मी म्हटलं. "आत्ता."

"सांगायचं म्हंजे लेकाचं नाव घ्यावं लागंल."

"घ्यावं लागेल."

तिनं माझा फोन मागितला. परमेश्वरनं उचलला. तिनं एवढंच सांगितलं की मी आसारामकडं चाल्लेय आन् तुजं नाव घेनार हाय. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "माय, आता कावून? समदं मिटलंय."

"तुजं मिटलंय," ती म्हणाली.

मग तो बराच वेळ बोलला. त्यातलं मला एकच नीट कळलं, की नाव घेतलंस तर स्वप्नालीचं तोंड पुन्हा बघायला यायचं नाही. स्वप्नाली म्हणजे त्याची मुलगी, सात वर्षांची, साखराबाईची एकच नात. फोन परत घेताना मी म्हातारीचा हातही धरला. मघाशी ज्या तोंडानं शिव्या दिल्या त्याच तोंडानं तिला म्हटलं, "साखराबाई, नको वाटत असेल तर राहू दे."

ती उठली आणि नवऱ्याच्या चपला पायांत घालायला लागली.

कळप कुठं आहे ते शोधायला चौकशी करावी लागली. अंबाजोगाईत चहाला थांबलो, पुढं केजच्या रस्त्यावर एका टपरीवाल्यानं सांगितलं की सोयाबीन निघालेल्या एका रानात मेंढरं उतरलीत. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आसाराम आणि त्याचा भाऊ वाघरीच्या खुंट्या ठोकत होते. मेंढरं नुकतीच आत घातली होती. वाड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर सामान, बांधलेली घोडी आणि तीन दगडांची चूल. चुलीपाशी कौशल्याबाई परातीत पीठ मळत होती. चाळिशीची असेल, पण केस पांढरे.

आसारामनं साखराबाईला ओळखलं आणि त्याचा चेहरा फुलला. "आक्का! तू इकडं कशी? अगं च्या टाक, आक्का आली."

"च्या नगं," साखराबाई म्हणाली. आसारामला ओलांडून ती सरळ चुलीपाशी गेली. बसली नाही. उभ्या उभ्या, एका दमात बोलली, कारण थांबली असती तर तिला पुढं बोलता आलं नसतं.

"वैनी, त्या मेंढरांनी हापशाचं पानी पेलं नव्हतं. खदानीचं पेलं. त्यात तेजाब व्हतं. मपल्या परमेश्वरनं टँकरनं आनून वतलं व्हतं. मला ठावं व्हतं. डाक्टरला मी खोटं सांगितलं. तुज्या विटाळानं एक बी मेंढरू मेलं न्हाई."

खुंटी ठोकायचा आवाज थांबला. आसारामच्या हातात मोगरी होती, आणि तो आमच्याकडे चालत आला तेव्हा मला वाटलं, आता हा हिचं डोकं फोडतो. मी मध्ये जाऊन उभी राहिले. जायला नको होतं, पण गेले. त्यानं मला बघितलंही नाही.

कौशल्याबाईचे हात पिठात तसेच होते. "ज्या दिशी म्हातारी मानसं बसली," तिनं विचारलं, "तू मला च्या दिला. तवा ठावं व्हतं?"

"ठावं व्हतं."

कौशल्याबाईनं मान डोलावली. एखादा हिशोब जुळावा तशी नव्हे. तिला ऐकू आलं, एवढंच त्यातून कळत होतं.

आसाराम खाली बसला. मोगरी बाजूला पडली. "आक्का, हिच्या हातचं पानी सात साल मी मेंढराला दाखवलं न्हाई," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात वाड्याची पूजा केली तवा बी हिला लांब बसवली. मी बसवली." तो रडत होता आणि नाक बाहीला पुसत होता. मग तो एकदम उठला, वाड्याकडे गेला आणि वाघर हातानं वर उचलून धरली.

"ये. आत ये."

कौशल्याबाई उठली नाही. "रोज सपनात येत्यात ती," ती म्हणाली, कुणाकडेही न बघता. "मीच मारली म्हून मी रोज पाया पडते त्येंच्या. आता आज आली तर काय बोलू त्येंच्यासंगं?"

"ये ना गं," आसाराम म्हणाला. त्याचा वर धरलेला हात अवघडला होता तरी त्यानं वाघर सोडली नाही. शेवटी ती उठली. हाताचं पीठ तिनं झटकलं नाही. चालत गेली, वाघरीखालून वाकली आणि आत उभी राहिली.

सगळा कळप एका झटक्यात पलीकडे सरला. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली, पलीकडच्या वाघरीला जाऊन रेटली, एक खुंटी उपटून आली आणि आसारामचा भाऊ ती धरायला पळाला. कौशल्याबाईनं हाळी दिली, जिभेनं टाळूवर आवाज काढून, जशी पूर्वी देत असेल तशी. मेंढरं आणखीच दाटली. कोकरं ओरडायला लागली. तिच्या हातची मेंढरं सात वर्षांत विकून, मरून संपली होती. जी होती ती सगळी ती बाहेर बसल्यानंतर जन्मली होती. त्यातलं एकही तिला ओळखत नव्हतं. तिनं पुन्हा हाळी दिली, या वेळी हळू. मग हात खाली सोडून मधोमध उभी राहिली.

"वळखतील," आसाराम म्हणाला. "दोन दिस जाऊ दे, वळखतील."

"भेत्यात ती," कौशल्याबाई म्हणाली. "त्येंला कशाला तरास."

ती वाकून बाहेर आली, चुलीपाशी आपल्या जागेवर बसली आणि परात पुढं ओढली. साखराबाई अजून तिथंच उभी होती. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"वैनी, मी काय करू सांग. तू म्हनशील ते करते."

कौशल्याबाईनं पिठाचा गोळा तोडला, तळहातावर घेतला.

"तू जा, आक्का," ती म्हणाली. "मला भाकरी करायची हाय."